रकाना रिकामा ठेव

परत रिकामा केलास कप? — मग मी परत भरणार, आणि तू परत तेच तोंड करणार, एरंडेल पाजल्यासारखं. हिमालयाची संस्कृती शिकायला सातासमुद्रापलीकडून काठमांडूला आलीस ना, मग एवढं वहीत लिही — चहा नको असेल तर भरलेला कप पुढ्यात राहू द्यायचा आणि उठताना संपवायचा. हे नाही शिकवलं वर्गात? कसं शिकवतील, तुमच्या सरांच्या घशाखाली मिठाचा चहा उतरत नाही. शून्यतेवर तासभर बोलतात म्हणे, आणि परवा आले तेव्हा बूट घालून थेट देवघरापर्यंत.

बघू तो कागद. ज्या घरी राहता त्यांचा वंशवृक्ष काढा — बरं. मुलगी लिहिलीस? ती न्यूयॉर्कला बायकांची नखं रंगवते, तेही लिही. आणि हे काय? नवऱ्याचं नाव. वाटलंच मला. अगं, गेलेल्याचं नाव आम्ही शेर्पा घेत नाही. जिवंत होता तेव्हा दिवसातून दहा हाका मारायचे, त्याचं काही नाही. पण गेल्यावर हाक मारली की माणूस मागे वळतो, आणि त्याने वळायचं नसतं, पुढे जायचं असतं. म्हणून नाव नाही, भिंतीवर फोटो नाही, त्याचा कोटसुद्धा देऊन टाकला. चांगला कोट होता — असो.

तुझ्या आधीची ती मॅडलिन, तिनेही हाच कागद आणलेला. तेव्हा तो होता, खिडकीत बसून माळ ओढायचा. तिने आवाज टिपायचं यंत्र पुढे ठेवलं आणि हा सुरू — लहानपणी बापाबरोबर खिंड ओलांडून मीठ आणलं, याक दरीत पडला, यती बघितला, तो बर्फातला हिममानव. कसला यती, अस्वलाला घाबरून झाडावर चढला होता, आख्ख्या गावाला ठाऊक. तीन तास बोलला. माझ्याशी चाळीस वर्षांत कधी पाच मिनिटं सलग बोलला नाही, आणि त्या पोरीशी तीन तास. मी आत बटाटे किसत होते, ऐकलंही नाही धड. थापा कोण ऐकणार?

ते बोलणं आहे तुमच्या ऑफिसात. हो, माहितीये मला. गेले होते मागच्या महिन्यात — सहज, स्तूपाला फेरी घालून परतताना. टेबलामागचा पोरगा म्हणाला, आमा, बोलणाऱ्याचं नाव सांगा, नावाशिवाय सापडत नाही. मी म्हटलं, माझ्या मुलीचे वडील. तो हसला. नाव जिभेवर होतं बघ, आणि मग म्हटलं, राहू दे, आणि आले. ते बोलणं ऐकावं का, हे लामांना विचारलेलं नाही. मी हाक मारत नाहीये, तो आपणहून बोलतोय, मग दोष कुणाला लागणार? पण विचारलं तर ते नको म्हणतील, म्हणून नाही विचारलं.

रडत नाहीये, चुलीचा धूर आहे. — गॅस आहे तो, कळतं मला, वहीत नको लिहूस.

खाली शिंपी बसतो ना, तो आमच्यातला नाही, त्याला नाव घ्यायला काही वाटत नाही. त्याला विचार, खालीच, जिन्यात मोठ्याने नको. मग ऑफिसात जा. माझ्यासाठी नाही, तुझ्या अभ्यासासाठी. आणलंस तर मला ऐकवायला बसू नकोस, मला वेळ नाही. तुझ्या खोलीत लाव. मी इथे भांडी घासत असेन.

दार पूर्ण लावू नकोस, इतकंच.

आता बघत काय बसलीस? चहा संपव आणि ऊठ.