पहिल्या प्रोसेसरवरचा भार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या काकांच्या घरची मंडळी आणि मागच्या खुर्च्यांवरून चहाच्या किटलीकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

काकांच्या गुणांबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी माझ्या संशयाबद्दल बोलतो.

आपला सर्व्हर रुग्णवाहिकेचे फोन जोडतो. त्यात आठ प्रोसेसर. फोन आला की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला हाक मारतं, 'हातातलं ठेव, आधी इकडे बघ.' या हाकेला इंटरप्ट म्हणतात. मशीन बंद करून चालू केलं की सगळ्या हाका पहिल्याच प्रोसेसरला! तो घामाघूम, बाकीचे सात हातावर हात ठेवून. मग काका यायचे, दोन ओळी टाइप करायचे आणि हाका आठ जणांत वाटल्या जायच्या.

पण दर वेळी काकाच का? मी पंखे दुरुस्त करत वर आलेला माणूस, तिखट कानाचा. दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. थोडं टाइपिंग, मग लांबलचक शांतता, मग पुन्हा टाइपिंग. त्या शांततेत हा गृहस्थ करतो काय? म्हटलं, इथे पाणी मुरतंय. निवृत्ती जवळ आली, आपल्यावाचून अडावं अशी सोय चाललीय. मी आमच्या सूनबाईंना, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअर प्रमुखांना, त्याच ओळी गुपचूप मशीनच्या सुरुवातीच्या फाइलीत घालायला लावल्या.

गेल्या महिन्यात नवं कार्ड बसवलं, मशीन चालू केलं, आणि वीस मिनिटं निम्मे फोन तुटत राहिले.

काका धावत आले. मी म्हटलं, "काका, आता तरी खरं सांगा!"

"साहेब, प्रत्येक हाकेला नंबर असतो, आणि कार्ड वाढलं की ते नंबर सरकतात. तुमच्या ओळींनी डिस्कच्या हाका वाटल्या, फोनच्या नाही. मी आधी मशीनमधला हाकांचा तक्ता वाचून नंबर शोधतो."

सूनबाई उसळल्या, "मग नंबर आपोआप शोधणारा प्रोग्राम का नाही दिलात?"

"दिला की. दोनदा. साहेबांच्या टेबलावर पाकिटात आहे."

मंडळी, पाकीट होतं. मुदतवाढीचा अर्ज असणार म्हणून मी ते फोडलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी प्रोग्राम बसला. मी काकांना म्हटलं, "आणखी दोन वर्षं राहा." ते म्हणाले, "कशाला? माझ्यावाचून अडू नये, म्हणून तर लिहिला तो."

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. संशयाची माफी मात्र सभेकडे मागत नाही. काका, ती तुमच्याकडे मागतो.