बर्फातली बोटं

प्रताप : खाली हाय. मी सांगतो ना तुला, खाली हाय तुजा दवाखाना. परवा बोईसरला आलतो तवा मुद्दाम गेटासमोर उभा राहिलो. कंपाउंडात एक कुत्रा झोपलेला, आनी खुर्चीवर वॉचमन. तिसरं मानूस नाय.

हेमाली : बाबा, मी तिथे नर्स आहे. आत्ता कोविड वॉर्डातून बाहेर येऊन तो प्लास्टिकचा डगला उतरवलाय, अंगातून घाम ठिबकतोय, आणि तू मला घरच्या ओट्यावर बसून फोनवर सांगतोस की माझं हॉस्पिटल रिकामं आहे?

प्रताप : हातच्या काकनाला आरसा कशाला. डोळ्यानं बघितलं ते बोललो.

हेमाली : तू गेट बघितलंस. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, म्हणून बाहेर कोणी दिसत नाही. आत ये, जिन्याखाली गाद्या टाकल्यात. एका ऑक्सिजनला दोघं टपलेले असतात.

प्रताप : मग दाखवा ना आमाला. नाय दाखवत. तिथंच तर माशी शिंकते. आपल्या आळीतल्या विक्रमनं ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय, रांगेनं खाटा, पांढऱ्या चादरी, एकावर पन पेशंट नाय.

हेमाली : त्या व्हिडिओत खिडकीबाहेर बर्फ पडतोय, बाबा. बोईसरला कधी बर्फ पडला?

प्रताप : तो विक्रमला विचार.

हेमाली : विक्रमला नाही विचारत, तुला विचारतेय. बोटीचा तांडेल आहेस ना तू? वाऱ्याची दिशा बघून जाळं टाकतोस, मग मोबाइलवर काय येतं ते बघताना अक्कल कुठे गहाण ठेवतोस?

प्रताप : बापाशी बोलायची रीत नाय ही.

हेमाली : नाही, नसेल. भांडायला फोन केलाच नव्हता मी. आये कुठे आहे?

प्रताप : ही काय, बाजूलाच. सरंगा मासळी साफ करते. स्पीकर चालूच हाय, ऐकते ती सगळं.

हेमाली : साफ करते? तिला ताप आहे ना?

जयवंती : ताप नाय गं, बाय. उतरला. खोकला हाय तेवढा.

हेमाली : धीरज आला होता मासळी न्यायला टेम्पो घेऊन. म्हणाला, काकी टब उचलायला गेली आणि तिथेच मटकन खाली बसली.

जयवंती : धीरजला काय, तोंड हाय म्हणून बोलतो.

प्रताप : उन्हाचं होतं. चैतातलं ऊन हाय हे, पोरी. तुज्या एसीत नाय कळत.

हेमाली : एसी? आमचे पंखेसुद्धा बंद ठेवलेत एका बाजूचे. जाऊ दे. आये, तू काम कशाला करतेस? आराम कर म्हटलं होतं ना?

प्रताप : सोसायटीची ऑर्डर हाय. मासळी बाजार बंद केला तुमच्या सरकारनं. पाटी घेऊन रस्त्याला बसली तर पोलीस काठी आपटतो. मग घरपोच दिल्याशिवाय काय करायचं? बोट किनाऱ्याला लावून जाळी चघळू?

हेमाली : माझं सरकार? मी कधी झाले सरकार?

प्रताप : तूच बोलतेस ना बंद पायजे, बंद पायजे. कोनाला बंद? जरा कुंभवलीकडं जाऊन बघ. कारखान्यांचे भोंगे वाजतात, बसा भरभरून कामगार जातात, दारात लोंबकळतात. त्या बशीत कोरोना चढत नाय? त्याच्याकडं तिकीट नसतं? आनी माजी बायको झाडाखाली चार सरंगे घेऊन बसली तर लगेच जिल्हाभर पसरतो.

हेमाली : ते चूकच आहे.

प्रताप : काय बोलली?

हेमाली : चूक आहे म्हटलं. मी कधी बरोबर म्हटलं? त्या बसमधलेच तर माझ्या वॉर्डात येतात. धड श्वास येत नाही आणि म्हणतात, "सिस्टर, कंपनी में फोन कर दो, छुट्टी लग जाएगी." मला राग येत नाही असं वाटतं का तुला?

प्रताप : मग झालं तर. लॉकडाऊन खोटं.

हेमाली : लॉकडाऊन अर्धवट आहे म्हणून आजार खोटा होत नाही ना. कसं सांगू तुला? आये, तू सांग याला.

जयवंती : मी... काय सांगू. तुमी दोघं बोलता, मी... सरंगा करते.

हेमाली : आये, तुला बोलताना दम लागतोय.

जयवंती : नाय गं.

हेमाली : बाबा, धीरजबरोबर ते ऑक्सिजन मोजायचं मशीन पाठवलं होतं. बोटाला लावायचं. लावलं?

प्रताप : लावलं. बिघडलेलं हाय.

हेमाली : किती दाखवलं?

प्रताप : काय पन दाखवतं. चायनाचं असेल.

हेमाली : बाबा, किती दाखवलं?

जयवंती : चौऱ्याऐंशी.

हेमाली : चौऱ्याऐंशी. कधी?

प्रताप : सकाळी. पन ऐकून घे ना माजं. तिचा हात बर्फात होता. पहाटेपासनं मासळी बर्फात भरते ती. बोटं गार पडली की हे मशीन चुकतं. आनी हे माज्या मनातलं नाय, तूच बोललेलीस. गार हाताला लावू नका बोललेलीस का नाय?

हेमाली : बोललेले. हात पुसा, चोळा, ऊब येऊ द्या आणि मग परत लावा, असं पण बोललेले. परत लावलं?

प्रताप : परत तिनं हात बर्फात घातला. त्याला मी काय करू?

जयवंती : सरंगा... नरम पडतो ना. गिऱ्हाईक घेत नाय मग.

हेमाली : देवा. अर्धं ऐकायचं आणि अर्धं सोडून द्यायचं. शाळेत असताना मी असं केलं तर तू वल्ह्याची काठी घेऊन मागे लागायचास. बरं, बर्फ कोणी फोडला आज?

प्रताप : मीच फोडला. मग कोन येनार फोडायला?

हेमाली : आत्ता फोडलास?

प्रताप : आत्ताच. तुजा फोन आला तवा लादी हातातच होती.

हेमाली : मग तुझी बोटं कशी आहेत?

प्रताप : बधिर. जीव नाय बोटांत.

हेमाली : चांगलं. मशीन तुझ्या बोटाला लाव.

प्रताप : मला काय धाड भरलीय?

हेमाली : लाव.

प्रताप : अगं पन मला ना ताप ना खोकला.

हेमाली : बाबा, माझी दहा मिनिटांची सुट्टी आहे आणि त्यातली अर्धी तू कुत्र्यावर आणि वॉचमनवर घालवलीस. लाव म्हणते ना.

प्रताप : लावतो, लावतो. हे घे. आकडा नाचतोय.

हेमाली : नाचू दे. हात हलवू नको. थांबला की सांग.

प्रताप : हं.

हेमाली : थांबला?

प्रताप : थांबला.

हेमाली : मग बोल की. बाबा? किती? आये, तू बघ.

जयवंती : सत्त्यान्नव.

हेमाली : बर्फ वेगळा आहे का तुम्हा दोघांचा?

प्रताप : नाय. एकाच लादीचा.

हेमाली : मग मशीन चुकतं की नाही?

प्रताप : म्हातारं झालं मानूस की रगत कमी होतं. तसं पन असेल.

हेमाली : तू तिच्याहून मोठा आहेस.

प्रताप : ती बाईमानूस हाय.

हेमाली : बाबा, आता पुरे. आये, तो सुरा खाली ठेव. माझं ऐक. बाजारात तू गिऱ्हाईकाला हाक मारतेस ना, ती मार बरं. जशी मारतेस तशी, एका दमात.

जयवंती : आता कशाला? बाजार... बंद हाय.

हेमाली : मला ऐकायचीये. मार ना.

जयवंती : सरंगा घ्या, बोंबील घ्या... मांदेली... ताजी... मां...

हेमाली : परत मार.

जयवंती : सरंगा... घ्या... बों...

प्रताप : बस. पुरे झालं. नको बोलू तू. पानी पी.

हेमाली : ऐकलंस ना?

प्रताप : ऐकलं.

हेमाली : सगळ्या बाजारात जिचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा, ती ही.

प्रताप : ऐकलं बोललो ना. किती वेळा बोलू?

हेमाली : मग आता तिला घेऊन ये.

प्रताप : नाय.

हेमाली : काय नाय?

प्रताप : तिथं नाय आननार. घरी काय ते कर. इंजेक्शन दे, सलाइन लाव, तूच नर्स हायस. आळीतल्या पंढरीच्या बापाला नेला, चालत गाडीत बसला होता तो. पोरांना तोंड नाय दाखवलं. प्लास्टिकात गुंडाळून लांबनं सांगितलं, हा तुमचा बाप. तो होता का दुसरा कोन, देवाला ठाऊक. आपल्यात कोन आजारी पडलं तर सगळी आळी सोबतीला जाऊन बसते. भाकरी नेतात, पाय चेपतात. मानसाला एकटं टाकत नाय आपन. आनी तू बोलतेस, बायको गेटावर सोडून घरी जा.

हेमाली : हे आधी का नाही बोललास? कुत्रा, वॉचमन, विक्रमचा व्हिडिओ. इतका वेळ डोकं खाल्लंस माझं.

प्रताप : काय बोलू? भीती वाटते असं बोलू?

हेमाली : हो, असंच बोल ना. त्याला निदान उत्तर देता येतं.

प्रताप : दे मग उत्तर.

हेमाली : तिथे मी आहे. सोबतीला मी बसेन.

प्रताप : तुला घाम पुसायला वेळ नाय, तू काय बसशील?

हेमाली : नाही बसता आलं तर येता-जाता पायाला हात लावून जाईन. त्या डगल्यातून सगळ्या सारख्या दिसतो आम्ही, तर मी पाठीवर माझं नाव लिहून घेईन मोठं. बाकीच्यांना तेवढंही नाही, बाबा. त्यांच्या पोरी तिथे कामाला नाहीत.

जयवंती : हेमा, मी येते.

प्रताप : तू गप. तुला दम लागतो.

जयवंती : म्हनून तर... येते.

प्रताप : आनी निजवनार कुठं? जिन्याखाली? तूच बोलली ना भरलंय म्हनून.

हेमाली : एक खाट आहे. ऑक्सिजनवाली.

प्रताप : बघ. हाय ना खाली? आता गं कशी मिळाली? मघाशी तर जागाच नव्हती.

हेमाली : तुला अजून वाद घालायचाय? त्या एका खाटेसाठी पालघरवरून, डहाणूवरून फोन चालू आहेत. डॉक्टरांना मी हात जोडले, म्हटलं माझी आई आहे, थोडा वेळ द्या. आयुष्यात कोणापुढे हात जोडले नव्हते मी. दुसऱ्या कोणाचा नंबर मागे ढकललाय, ते पण कळतंय मला. तू आणखी दोन मुद्दे मांडलेस ना, तर ती खाट जाईल.

प्रताप : निघतो. ॲम्ब्युलन्स बोलव.

हेमाली : ॲम्ब्युलन्स रिकामी नाहीये. धीरजला मी थांबवलंय, तो नाक्यावर उभा आहे. मासळीचा टेम्पो म्हणून त्याच्याकडे पास आहे, पोलीस अडवणार नाहीत. मागचे खोके उतरव, गोधडी टाक आणि आयेला पालथी झोपव. पालथी, कळलं? छातीखाली उशी दे. पालथं झोपलं की जरा बरा श्वास येतो.

जयवंती : अगं पन... ऑर्डर. सरंगा फुकट...

प्रताप : जाऊ दे खड्ड्यात सरंगा. मांजरांना टाकतो. ऊठ, माज्या खांद्यावर हात टाक. सावकाश.

जयवंती : हेमा.

हेमाली : बोल, आये. थोडंच बोल.

जयवंती : त्या खाटेवर... कोन होतं?

हेमाली : एक मावशी होती. तुझ्याच वयाची, वाणगावकडची. बागायतवाली. सारखी चिकूच्या गोष्टी सांगायची.

जयवंती : बरी झाली?

हेमाली : घरी गेली, आये. आज सकाळीच.

जयवंती : बरं झालं... बाई. मी पन... अशीच जाईन.

हेमाली : तर काय. चल, बस टेम्पोत. बोलू नको आता.

(प्रतापने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आहे.)

प्रताप : हेमा, बसवली तिला. पालथी झोपवली. धीरज गाडी वळवतोय. मी बाहेर हाय, तिला ऐकू नाय जानार.

हेमाली : हं.

प्रताप : ती बाई. वानगावची. खरंच घरी गेली?

हेमाली : बाबा, निघ ना तू.

प्रताप : विचारतो ते सांग. मी नाय वाद घालत. एकदाच सांग.

हेमाली : आयेला सांगितलंय ना, तेच वाटभर तिला सांगत ये.