ध्यान कुणाचं नव्हतं

मंडळी, बसा. मागच्यांनी जरा पुढं या, माईक खरखर करून राह्यलाय. शोकसभेला एवढे सगळे आलात, बरं झालं. मला बोलायला उभं केलंय. जे बोलायचंय ते मी आठ दिवसांपासून गिळून बसलेय.

मी कमलबाई. जुन्या जालन्यात माझं साड्यांचं दुकान हाये. आपला भास्कर पेंटर, मूळचा तीर्थपुरीचा, बावीस वर्षं माझ्या दुकानाचा बोर्ड रंगवायचा. गेल्या आठवड्यात माझ्याच दुकानापुढं शिडीवरून पडला अन् गेला.

आत्ता चार जण बोलून गेले. कुणी म्हणलं थोर कलाकार, कुणी म्हणलं देवमाणूस. मला संशयच आला. माफ करा, पण समोर गाय दोहली तरी दुधात पाणी शोधणारी बाई मी. हाच थोर कलाकार परवापर्यंत तुमच्या तोंडी 'अर्धवट' होता. होता का न्हाई?

मीही त्यातलीच. सुरुवातीला तो बोर्डावर दोन अक्षरं काढायचा अन् गायब. "भाभी, येतो जरा." जरा म्हणजे दोन घंटे! मला वाटलं, पीत असंल. मंग एक दिवस दुकान बंद केलं अन् त्याच्या मागं मागं गेले. हो, गेल्ते! लाज कशाची? तो गेला भांड्याच्या दुकानावर, तिथं एक ओळ रंगवली. तिथून आडत दुकानाच्या भिंतीवर. तिथून दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर. पाच गल्ल्या, पाच बोर्ड. एकावरून मन उठलं की ब्रश धुवायचा अन् दुसऱ्यावर जायचं. अन् पाचही बोर्ड बोलल्या दिवशी बराबर तयार! एका अक्षरात खोट न्हाई. मी शोधली होती.

साखर कारखान्यातली नोकरी त्यानं आठ महिन्यांत सोडली. मी विचारलं, सोडली का काढली? हसला. म्हणला, "भाभी, खुर्चीवर बसलो की माझं डोकं एकटंच बाहेर फिरून येतं. या धंद्यात मीही त्याच्यासंगं जातो." फ्लेक्स आले, बाकीचे पेंटर घरी बसले. हा न्हाई बसला. हाताची अक्षरं पाहिजेत म्हणून लोक याला पुण्याहून बोलवायला लागले.

चाळिशीत डॉक्टरनं सांगितलं, याला एडीएचडी हाये, म्हणजे ध्यान एका जागी ठरत न्हाई, अन् ते लहानपणापासूनच हाये. मी म्हणलं, हे काय नवीन खूळ? कागद मागून घेतला, माझा भाचा डॉक्टर हाये, त्याला दाखवला. खरं निघालं. भास्कर रागावला न्हाई. म्हणला, "तुम्ही निदान बघून बोलता. बाकीचे न बघताच बोलतेत."

आता कुजबूज काय चालू हाये? "ध्यान नव्हतं, म्हणून पडला." इथं पायरीवर चपला काढता काढता दोघं बोलून राह्यले होते. मी ऐकलं. त्याचे थोरले भाऊ, रामरावभाऊ, पुढं बसलेत. त्यांनी तर ठरवूनच टाकलंय की भास्करच्या पोरीनं, शरयूनं, ब्रश धरायचा न्हाई. तिलाही बापाचंच डोकं मिळालंय, तीही अशीच पडंल. काल तिचे रंगाचे डबे पोत्यात बांधले. म्हणून मी आज उभी राह्यले.

भाऊ, ती शिडी कुणी बघितली का? मी बघितली. वरून तिसरी पायरी मधूनच मोडलेली, लाकूड आतून किडलेलं. शिडी माझी. माझ्या गोदामातली.

अन् आता ऐका. त्या सकाळी भास्कर मला म्हणला होता, "भाभी, ही पायरी हलते. दुसरी शिडी आणतो, मंग चढतो." मला काय वाटलं? आला बहाणा! दुसऱ्या बोर्डावर पळायचं असंल. पाच बोर्ड या डोळ्यांनी बघितले होते, तरी वाटलं. मी म्हणलं, "बावीस वर्षं ऐकून राह्यले तुझे बहाणे. चढ गुपचूप."

तो चढला.

गाव म्हणतंय, ध्यान नव्हतं. त्याचं होतं. बिलकुल होतं. माझं नव्हतं.

भाऊ, पोलिसांनी विचारलं तर मी हेच सांगीन. मला काय बोलायचं ते बोला, पण पोत्याची गाठ सोडा. माझ्या चुकीची शिक्षा त्या लेकराला देऊ नका.

शरयू, बेटा, हलतंय ते हलतंय म्हणायचं. जो ऐकत न्हाई, त्याचं काम तिथंच सोडायचं. मी असले तरी सोडायचं.

चला, उभे राहू. दोन मिनिटं भास्करसाठी शांत. ज्याचे पाय एका जागी ठरत न्हाईत, त्यानं खुशाल चकरा माराव्या. कुणी वळून बघायचं न्हाई.

मी तर डोळेच मिटून घेते.