शाल कुणाच्या खांद्यावर

आमच्या पक्षात शाल मिळाली की समजायचं, आपला पत्ता कटला. निवडणूक बिनविरोध व्हावी म्हणून एकाला माघार घ्यायला लावतात, आन् मग त्याचाच सत्कार करतात.

औंदा पक्षाच्या धोरण समितीसाठी मी उभी राहिले. समोर जिल्हाध्यक्षांचे मेहुणे. मला समितीत एकच विषय लावून धरायचा होता: वाळूजला कंपनीची शिफ्ट सुटली की बायांना घरापर्यंत बस पाहिजे. मी सोता त्याच शिफ्टला हाय.

अध्यक्ष मुकुंदवाडीला माझ्या घरी आले. म्हणाले, "ताई, माघार घ्या. मेहुण्यांची लई इच्छा हाय."

म्हटलं, "माझी बी हाय, साहेब."

त्यांनी ते कानाआड केलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत माईकवरून जाहीरच करून टाकलं, "ताईंनी मोठ्या मनानं माघार घेतली!" आन् शाल-नारळ घेऊन माझ्याकडं निघाले. टाळ्या सुरू.

मी शाल हातातच घेतली, सरळ मेहुण्यांकडं गेले आन् त्यांच्या खांद्यावर टाकली. वर नारळ दिला. माईकवर म्हटलं, "खरं मोठं मन भाऊसाहेबांचं! बायांच्या बससाठी त्यांनी जागा सोडली."

टाळ्या आणखी वाढल्या. आन् मेहुण्यांनी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, उठून सगळ्यांना हात जोडले!

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "ताई, न विचारता दुसऱ्याची माघार जाहीर करायची? असं चालतं व्हय?"

म्हटलं, "नाय ना चालत? मग घ्या मतदान."