पीटरच्या नदीचा काठ

मी मूळची वर्ध्याची, नर्सिंग तिथंच शिकली, अन् नोकरीपायी येऊन पडली कुठं, तर अलास्कात. पीटर, माझा नवरा, मले हॉस्पिटलातच भेटला. व्हिएतनामच्या लढाईतून एका कानानं बहिरा होऊन आलेला. इथला मूळचा आदिवासी तो, पिढ्यान्‌पिढ्या एकाच नदीवर गेल्या त्यायच्या, उन्हाळ्यात मासे धरायचे, काठावर वाळवायचे, थंडीभर तेच खायचे.

काय सांगू तुले बाई, सरकारनं म्हटलं होतं, अर्ज करा, तुम्ही वापरता ती जमीन तुमच्या नावावर करतो. अन् मुदत संपली तेव्हा पीटर कुठं होता? यायच्याच वर्दीत, यायच्याच लढाईत! परत येऊन ऑफिसात गेला तर म्हणे, उशीर झाला. उशीर झाला म्हणे! त्याले धाडलं कोणी होतं?

सारा जन्म तो हेच विचारत राहिला. म्हातारपणी मग कायदा झाला, की त्या लढाईतल्या सैनिकायले अर्जाची पुन्हा संधी. मीच ड्राइव्ह करून घेऊन गेली त्याले. ऑफिसर तरुण होता, नम्र होता, खोटं कशाले बोलू. नकाशा पसरला अन् म्हणे सर, ह्या रंगवलेल्या भागातून निवडा. आमची नदी त्यात नव्हतीच. ती म्हणे आता अलास्का राज्याच्या मालकीची झाली. मिळत होती ती जमीन दुसऱ्याच नदीवर, विमानाशिवाय जाताच येत नाही इतकी लांब. पीटरनं नकाशातल्या त्या नदीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, ही दुसऱ्या लोकायची नदी आहे, माझी नेली तशी त्यायची मी नेऊ? अन् उठला.

मागच्या थंडीत गेला तो. मग पत्र आलं, वारस म्हणून तुम्ही अर्ज करू शकता. लेक म्हणाली, मॉम, जस्ट टेक इट. मी म्हटलं, तुझ्या बापानं जे नाही घेतलं ते मी घेऊ? फॉर्म भरला अन् जागेच्या रकान्यात आमचाच काठ लिहिला. परत आला. पुन्हा तेच लिहून धाडला, पुन्हा परत. आता अपील केलं आहे.

पंचाहत्तरी उलटली माझी. मिळेल असं वाटत नाही बाई. पण नाही म्हणायचं तर त्यायनं म्हणावं, दर वेळी, कागदावर, सही करून. आमची नदी आम्ही सोडली, असं माझ्या सहीनं लिहून त्यायले मिळणार नाही.