मागच्या गेटचा माल

(रबरी वॉशरचं छोटं वर्कशॉप. यंत्रं बंद. पंपाच्या कारखान्यात खरेदी बघणारे दाजी आलेत.)

मेहुणा : पण दाजी, पुरवठादारांच्या यादीतून मला काढलं कोणी? नाव तरी सांगा.

दाजी : नाव कसलं! सॉफ्टवेअरचा एजंट आहे तो. पंपाचा कुठला भाग कोणाकडून, कधी, सगळी साखळी तोच जुळवतो. पुरवठादारांच्या एजंटांशी बोलतो, दहा मिनिटांत निकाल.

मेहुणा : एजंट, आणि कमिशन खात नाही?

दाजी : खात असता तर तुझं काम झालं असतं.

मेहुणा : माझ्या वॉशरमध्ये खोट निघाली?

दाजी : छे. तुझी मुदत आठ दिवसांची, दुसऱ्याची पाच.

मेहुणा : आठ सांगायचे आणि चौथ्या दिवशी माल पोचवायचा, ही बाबांची रीत. गिऱ्हाईक खूश होतं.

दाजी : तो खूश होत नाही. कागद वाचतो.

मेहुणा : मग माल चौथ्या दिवशी पोचला, हेही वाचलं असेल की! आणि ते रविवार? मागवायचं तुम्ही विसरायचात, मग फोन, ‘मागच्या गेटने ये रे, लाइन थांबेल.’ वर्षात नऊदा आलो.

दाजी : ते... नोंदवलेलं नाही.

मेहुणा : एकदाही?

दाजी : विसरलं कोण, तेही लिहावं लागलं असतं. ते झाकायला सगळ्याच मालाला सरसकट आठव्या दिवसाची तारीख टाकायचो.

मेहुणा : वा! धावलो मी आणि कागदावर रांगलो.

दाजी : टोमणे मार, ऐकतो.

मेहुणा : नको. खऱ्या तारखा कळवा त्याला. आत सात माणसं हात बांधून बसलीत.

दाजी : निवृत्तीला चौदा महिने राहिलेत रे. नऊ चुका आत्ता बाहेर काढू?

मेहुणा : मग आलात कशाला? सांत्वनाला?

दाजी : दहावी चूक झालीय. एजंटला मी जुनं ड्रॉइंग दिलं. नव्या पुरवठादाराने त्याबरहुकूम केलेले वॉशर बसतच नाहीत. उद्या दोन हजार लागतील.

मेहुणा : म्हणजे पुन्हा मागच्या गेटने.

दाजी : तुझ्या ताईला यातलं काही माहीत नाही.

मेहुणा : ताईला मध्ये आणू नका. देतो दोन हजार. पण पुढच्या गेटने येणार, भरदिवसा.

दाजी : पुढच्या गेटच्या यादीत आता तुझं नाव नाही रे.

मेहुणा : म्हणून तर तुम्ही गेटवर उभं राहायचं, दाजी. हा कोण, ते सांगायला.