टाकी काढण्याआधी

कॅन्सरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारा प्लंबर आणि त्याची बायको बसले होते.

“आधी मला सलाईनमधून औषध देणार. इम्युनोथेरपी. आपल्याच शरीरातल्या शिपायांना गाठीवर सोडतात म्हणे.”

“आणि मग ऑपरेशन करून मूत्राशय काढणार?”

“हो.”

“औषधानं गाठ गेली तरी?”

“तरीही काढणार.”

“मग औषध कशाला? जी टाकी काढायचीच आहे, ती कुणी आधी घासत बसतं का?”

“कॅन्सर टाकीबाहेर सांडला असेल, तर तोही मरेल म्हणे. मी विचारलं, नक्की ना? तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेच तर आम्ही या प्रयोगात तपासून बघतोय.”

“म्हणजे त्यांनाही माहीत नाही?”

“नाही. तोंडावर सांगितलं.”

“आणि तुम्ही खुशाल सही करून आलात!”

“अगं, चाळीस वर्षं मी लोकांना छातीठोकपणे सांगत आलोय, आता थेंबभर गळणार नाही म्हणून.”

“मग?”

“मला तरी कुठे नक्की माहीत असायचं?”

“म्हणून नळ दुरुस्त करून आलात की जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायचात होय?”